हर्णैचा किनारा कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा तमिळनाडूतील जिंजीचा आहे. या मालिकेत रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील सुवर्णदुर्गाला स्थान मिळाले, याचा आनंद इतिहासप्रेमी मराठी माणसाला होणे साहजिकच आहे. परंतु सुवर्णदुर्ग भर समुद्रात आहे आणि त्याच्याकडे जाणारी वाट हर्णै या मासेमारीच्या गावातून जाते. किल्ल्याच्या कीर्तीबरोबर या गावाकडे पर्यटकांचा जो ओघ वाढेल, त्याचे गावावर काय परिणाम होतील, याचा विचार आताच केला पाहिजे.

हर्णैचा इतिहास मोठा आहे. समुद्रात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर त्याच्या रक्षणासाठी कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला, अशी ही चार दुर्गांची रचना होती. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक प्रमुख ठाणे होते. एप्रिल १७५५ मध्ये पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध संयुक्त मोहीम काढली, तेव्हा कमोडोर विल्यम जेम्स याच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला. या विजयाच्या स्मरणार्थ जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळच्या एका टेकडीवर मनोरा उभारला. 'सेव्हर्नड्रूग' या नावाने तो आजही उभा आहे. मराठी आरमाराच्या पराभवाचे स्मारक परक्या भूमीवर जपले गेले, आणि ते आरमार ज्यांच्या श्रमावर चालले त्या कोळी, भंडारी व अन्य दर्यावर्दी समाजांची नोंद मात्र बखरींतून आणि पाठ्यपुस्तकांतून अभावानेच आढळते. वारशाचा विचार करताना दगडी तट मोजायचे आणि माणसे वगळायची, ही सवय जुनीच आहे.

ती माणसे आजही तेथे आहेत. हर्णै आणि लगतच्या पाजपंढरी येथील शेकडो कुटुंबांचा चरितार्थ समुद्रावर अवलंबून आहे. नौका बाहेर नांगरतात, लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी पुळणीवर येते, आणि तेथे, उघड्या आकाशाखाली, तिचा लिलाव होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा यांचे ढीग, भोवती बोली लावणारे व्यापारी आणि पाट्या घेऊन बसलेल्या स्त्रिया हे दृश्य पाहण्यासाठी पर्यटक आवर्जून येतात. पाहणाऱ्याला ती जत्रा वाटते. प्रत्यक्षात तो एक बाजार आहे, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने अत्यंत अडचणीचा बाजार आहे. मासळी नाशवंत असल्यामुळे आजचा भाव पटला नाही म्हणून उद्यापर्यंत थांबणे नौकाधन्याला परवडत नाही. डिझेल, बर्फ आणि जाळी यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल, तर मासळी त्यालाच द्यावी लागते आणि बोलीला फारसा अर्थ उरत नाही. मुंबईच्या बाजारात त्याच मासळीला मिळणारा भाव आणि पुळणीवरचा भाव यांतील अंतराचे मूळ या दुबळेपणात आहे. सुसज्ज धक्का, शीतगृह आणि पिण्याचे पाणी या मागण्या हर्णैत पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

त्यात मासळीचाच प्रश्न बिकट होत चालला आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, प्रखर विद्युत्प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. तरीही या नियमांच्या उल्लंघनाविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा याच किनारपट्टीला बसला. अशा परिस्थितीत पर्यटनाचा पूरक उत्पन्न म्हणून आधार घ्यावा, असे अनेक तरुणांना वाटत असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या होड्या, घरगुती निवास आणि खानावळी यांतून येणारा पैसा गावाला हवाच आहे.

प्रश्न आहे तो हा पैसा येताना काय घेऊन जाईल, याचा. एखाद्या ठिकाणाची कीर्ती वाढली की प्रथम वाढते ती जमिनीची किंमत. शेतजमिनीला निदान सातबारा असतो. परंतु मच्छीमाराची उत्पादनसाधने ज्या जागेवर उभी असतात, ती पुळण, जाळी विणण्याची व सुकवण्याची जागा, मासळीची वाळवणे, नौका ओढून ठेवण्याची पट्टी, यांपैकी फार थोड्या जागा त्याच्या नावावर असतात. त्या पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीने त्याच्या आहेत, कागदाने नव्हेत. दुपारी बारा वाजता येणाऱ्या पर्यटकाला जी पुळण मोकळी दिसते, तीच लिलावाच्या वेळी बाजारपेठ असते आणि १ जूनपासून पावसाळी बंदी सुरू झाली की नौकांचे विश्रांतिस्थान बनते. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा निरुपयोगी असते, हे हिशेबाचे सूत्र किनाऱ्यावर लागू पडत नाही.

कायद्याने याची दखल घेतली आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यांच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशांत मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने व मासळी सुकवण्याच्या जागा दाखवल्या जाव्यात, असे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांत म्हटले आहे. त्याच वेळी जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिसूचनेने पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाव दिला आहे. या दोन तरतुदींपैकी कोणती आधी अमलात येते, यावर बरेच काही अवलंबून राहील. नकाशात गावाच्या जागा नोंदल्या जाण्यापूर्वी तंबू आणि उपाहारगृहे उभी राहिली, तर पुढे वहिवाट सिद्ध करण्याचा भार मच्छीमारावर पडेल, आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते.

तेव्हा क्रम उलटा होता कामा नये. प्रथम सामाईक जागांचे सीमांकन करून त्यांची महसुली दप्तरात नोंद व्हावी. नंतर धक्का, बर्फ, पाणी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा व स्वच्छतागृहे व्हावीत. किल्ल्याच्या प्रवासी वाहतुकीचे परवाने देताना स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना अग्रक्रम मिळावा आणि सुरक्षिततेचे नियम कसोशीने पाळले जावेत. हे झाल्यावर पर्यटनाला दारे खुशाल उघडावीत.

पर्यटकांकडूनही थोडी अपेक्षा आहे. शाळांच्या सहली, महाविद्यालयांचे गट आणि सुटीत कोकणात उतरणारी कुटुंबे यांनी लिलावाच्या रिंगणात छायाचित्रासाठी शिरू नये, वाळवणावरून गाड्या नेऊ नयेत आणि मासळी घेताना पाटीमागे बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नये. सुवर्णदुर्गाच्या तटाला जागतिक मान्यता मिळाली आहे. त्या तटासमोर रोज पहाटे समुद्रावर निघणाऱ्या माणसाला त्याच्या पायाखालच्या वाळूवरचा हक्क कागदोपत्री मिळवून देणे, हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याला आता विलंब लागू नये.