नंबर उतरला, डोळा तेवढाच लांब

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटभोवतीच्या गल्ल्या इतक्या दाट आहेत, की शाळेतून परतलेल्या मुलाला उन्हात धावायला जागा शोधावी लागते. अशा वस्तीतल्या पालकांना 'रात्री लेन्स घाला, दिवसा चष्मा विसरा' हे आश्वासन मोहात पाडणारच. मात्र ऑर्थोकेरॅटोलॉजी नावाची ही पद्धत नेमके काय करते, हे आधी समजून घ्यायला हवे.

पारपटलावरचा पेशींचा थर सुमारे ५० मायक्रोमीटर जाड असतो. विशिष्ट वक्रतेची कडक लेन्स रात्रभरात तो मध्यभागी किंचित पातळ करते. ४ मिलिमीटर व्यासाच्या भागात सुमारे २० मायक्रोमीटरचा बदल ४ डायऑप्टरचा दोष झाकण्यास पुरतो. लेन्स बंद केली, की पारपटल हळूहळू मूळ आकारावर येते.

येथे 'झाकणे' हाच शब्द योग्य. मुलांमधील निकटदृष्टीचे मूळ बहुधा डोळ्याच्या वाढलेल्या लांबीत असते. लांबी १ मिलिमीटरने वाढली, की नंबर साधारण अडीच ते तीन डायऑप्टरने चढतो आणि ताणलेल्या दृष्टिपटलाला पुढील आयुष्यात धोका वाढतो. लेन्स ही लांबी कमी करत नाही. हाँगकाँगमधील २०१२ च्या दोन वर्षांच्या चाचणीत तिने लांबीची वाढ चष्म्याच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी मंदावली. हा लाभ मोठा आहे, पण तो वाढ मंदावण्याचा आहे, दोषमुक्तीचा नव्हे.

त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. बंद पापणीखाली पारपटलाला प्राणवायू कमी मिळतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली, तर त्यातील अकँथअमीबा दृष्टी हिरावू शकतो. संसर्ग विरळा असला, तरी तो निरोगी बालकाच्या डोळ्यावर ओढवतो.

म्हणून दुकानातील अक्षरतक्ता वाचता आला, एवढ्यावर यश ठरवू नये. लेन्स देणाऱ्याने डोळ्याची लांबी आधी मोजावी, दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी आणि आकडे पालकांच्या हाती द्यावेत. ते नसतील, तर पालकांनी नकार द्यावा.

आणि एक उपाय विक्रीला नाही. चीनमधील ग्वांगझूच्या ज्या शाळांत रोज ४० मिनिटे बाहेरचा वेळ वाढवला, तिथे तीन वर्षांत नव्या निकटदृष्टीचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले; तो न वाढवलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते. लेन्स ज्याला परवडेल त्याला मिळेल. शिवाजीनगरच्या मुलांना मैदान मात्र महापालिकेनेच द्यायला हवे.