गॅसची नळी आणि तपासनिसाची सही

१६ मे १९६८ रोजी पहाटे लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. वरचा भार पेलणारी भिंतच उडाल्यामुळे इमारतीचा एक संपूर्ण कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. चार माणसे दगावली. काडी ओढणाऱ्या बाई मात्र वाचल्या. लोक तेथे राहावयास येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तयार भिंती एकमेकींना जोडण्याच्या पद्धतीतील दोष चौकशीत उघड झाला व त्याची चर्चा स्थापत्याचे विद्यार्थी आजही करतात. पण गॅस मुळात बाहेर आला कोठून? शेगडी नळीला जोडणाऱ्या एका हलक्या प्रतीच्या पितळी नटातून. एवढ्या मोठ्या इमारतीच्या कागदपत्रांत या नटाची नोंद असण्याचे कारणच नव्हते.

मुंबईला नळाचा गॅस नवा नाही. कोळशापासून केलेल्या गॅसचे दिवे शहराच्या रस्त्यांवर १८६५ सालीच लागले होते. नैसर्गिक वायू घरोघर पोचविणारी कंपनी मात्र १९९५ साली स्थापन झाली. पुढे २००६ च्या कायद्यान्वये केंद्रीय नियामक मंडळ अस्तित्वात आले आणि शहरी वितरणाचे तांत्रिक व सुरक्षाविषयक मानदंड २००८ साली विनियमांच्या रूपाने जाहीर झाले. जोडणी घेताना ग्राहकाचा अर्ज, सहकारी गृहनिर्माण संस्थेची संमती, रस्ता खणण्यासाठी पालिकेची परवानगी, नळीत दाब भरून घेतलेली चाचणी, सांध्यांवर लावलेले साबणाचे पाणी, हे सारे सोपस्कार होतात आणि ते बऱ्याच अंशी नीट होतात. तेव्हा आपल्याकडे नियम नाहीत ही नेहमीची तक्रार येथे लागू पडत नाही.

खरी अडचण जोडणीचा दिवस उलटल्यावर सुरू होते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. नळीतील वायू हा मुख्यतः मिथेन. तो हलका असल्यामुळे छताकडे जातो आणि त्याला बाहेर पडण्यास वरच्या बाजूस वाट लागते. घरातील नळीत दाब अगदी कमी, सुमारे एकवीस मिलिबार असतो, म्हणून ही व्यवस्था अधिक सुरक्षित मानली जाते व ते योग्यच आहे. परंतु सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो केव्हातरी संपतो. नळीतला गॅस कोणी झडप बंद करीपर्यंत येतच राहतो.

आता मध्यमवर्गीय घराकडे पाहावे. दोन-चार वर्षांत स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघते. ओट्याची जागा बदलते, नळी दिसू नये म्हणून सुतार तिच्यावर फळ्यांची पेटी ठोकतो, मीटर असलेली बाल्कनी काचा लावून बंद होते आणि छताजवळचा झरोका शोभेच्या छताआड जातो. नळी सरकवायची तर वितरकाला कळवावयास हवे, हे पुष्कळांना ठाऊकही असते. पण त्याचा माणूस चार दिवसांनी येणार आणि कारागीर तर आजच घरात हजर! त्याला चहा पाजून काम उरकले जाते. यात कोणी दुष्ट नसतो. चार दिवसांची वाट पाहण्याचा खर्च त्या कुटुंबाला सोसावा लागतो. धोक्याचा मोठा वाटा मात्र वरच्या, खालच्या व शेजारच्या बिऱ्हाडांच्या माथी जातो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. जेथे खर्च एकाचा व हानी दुसऱ्याची, तेथे व्यक्तीच्या सुज्ञपणावर विसंबता येत नाही, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडा आहे.

मग तपासावयाचे कोणी? त्याच इमारतीतील उद्वाहनाची तपासणी शासनाचा निरीक्षक करतो, ते बनविणारी कंपनी नव्हे. त्याच्या शेजारून वर गेलेल्या गॅसच्या नळीची देखभाल व तपासणी मात्र प्रामुख्याने गॅस विकणाऱ्याकडेच आहे. विक्रेता बेफिकीर असतो असे मुळीच नव्हे. पण ग्राहकाला दुखवून जोडणी तोडणे त्याच्या हिताचे नसते.

खाजगी परवानाधारक नेमले की प्रश्न सुटेल, असेही नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावे लागते. ज्याची तपासणी व्हावयाची त्यानेच तपासनीस निवडावयाचा आणि त्यानेच त्याचे बिल चुकवावयाचे, या रचनेत कागद वेळेवर मिळतो, एवढीच खात्री देता येते. न्यूयॉर्कमध्ये २६ मार्च २०१५ रोजी ईस्ट व्हिलेज भागात स्फोट होऊन तीन इमारती जमीनदोस्त झाल्या व दोघे मृत्युमुखी पडले. तेथे भाडेकरूंच्या सोयीसाठी गॅस चोरून वळविला होता. परवाना असलेल्या प्लंबरने आपले नाव वापरू दिले होते आणि काम परवाना नसलेल्याने केले होते. गॅस कंपनीचे तपासनीस त्याच दिवशी तेथे येऊन गेले होते. त्यानंतर शहराने दर चार वर्षांनी तपासणी सक्तीची केली, पण तीही सामायिक जागेतील नळ्यांपुरतीच. घरातील नळी सुटलीच.

म्हणून प्रत्येक गॅसबिलात अल्पशी सुरक्षा-आकारणी धरावी, तिचा निधी वितरकाच्या हाती न ठेवता नियामकाकडे ठेवावा आणि तपासनिसाची नेमणूक त्या निधीतून, चिठ्ठ्या टाकून व्हावी. कोणत्या इमारतीस कोण जाणार हे संस्थेलाही आधी कळू नये. आकारणीस विरोध होईल. पण फुकट तपासणी कशी होते, हे सिलिंडरच्या काळात दारातच सही घेऊन परतलेल्या माणसांवरून पुष्कळांनी अनुभवले आहे. सदनिकेची नोंदवही संस्थेच्या कार्यालयात असावी व नूतनीकरणास संमती देताना तीत नळीच्या फेरतपासणीची तारीख पडल्याखेरीज अनामत रक्कम परत करू नये.

भाडेकरूंचा प्रश्न याहून बिकट आहे. ब्रिटनमध्ये घरमालकाने दर वर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून गॅसची तपासणी करवून दाखल्याची प्रत भाडेकरूस द्यावी, असा कायदा आहे. पुण्यात घर भाड्याने देताना करारनाम्यास जोडलेल्या यादीत पंखे किती, नळ किती, पडद्यांच्या दांड्या किती, हे सारे काटेकोरपणे लिहिलेले असते. गॅसच्या शेगडीचीही गणना होते. ती ज्या नळीला जोडली आहे ती शेवटची केव्हा आणि कोणी पाहिली, यासाठी त्या यादीत रकाना नसतो.