नऊजणींचा खेळ



या अंकाचे संपादकीय खो-खोवर लिहिते म्हटल्यावर आमच्या बैठकीत क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग एकजण म्हणाली, "अगं, हिंसाचाराच्या केसेस पडून आहेत, एकट्या बायकांच्या पेन्शनचे अर्ज अडकलेत, आणि तू खेळावर लिहिणार?" प्रश्न रास्त होता. चार वर्षांपूर्वी मीही तो विचारला असता. एम.एस.डब्ल्यू. करताना आरोग्य, कायदा, बचत गट, समुपदेशन सगळे आम्ही घोकले. पण दहावी झालेल्या मुलीने संध्याकाळी पळायचे कुठे, हा प्रश्न कुठल्या पेपरला आला नाही.

मला तो भेटला बालविवाहाच्या वाटेने. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, चिकलठाणा एमआयडीसीच्या बाजूच्या एका वस्तीत आमचे काम आहे. तिथे मुलींचे एक खो-खो मंडळ चालते. चालवतात एक निवृत्त क्रीडाशिक्षिका. मुली त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून आम्हीही बाईच म्हणतो. एका दुपारी बाई धापा टाकत ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या एका मुलीचा उद्या साखरपुडा आहे. सोळा वर्षांची आहे. आणि रविवारी आमची मॅच आहे." दोन्ही एका दमात. खरे सांगते, तेव्हा मला मॅचचा उल्लेख खटकला. एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि यांना सामन्याची पडलीय! साखरपुडा थांबवता आला. रविवारी मी मुद्दाम सामना बघायला गेले. मैदानाच्या कडेला त्या मुलीची मावशी भेटली. तिच्याकडून कळले की लग्नाची घाई झाली होती ती खेळामुळेच. पोरगी पोरांसारखी पळते, चारचौघांत दिसते, उद्या कोण करून घेईल, असे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झाली होती. शेजारच्या बीड जिल्ह्यात हा आकडा ४३.७ टक्के आहे. आमच्या वस्तीतली निम्मी कुटुंबे बीड-जालन्याकडूनच आलेली. हे आकडे आपण शिबिरांत सांगतो. मंडळात ते वेगळ्या भाषेत कळतात: "बाई, ती आता येणार नाही."

आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत खो-खो खेळलेला असतो, पण नियम विसरलेले असतात. आठजणी पाटीवर ओळीने बसतात, एकीचे तोंड एका बाजूला तर शेजारणीचे दुसऱ्या. नववी पाठलाग करते. एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. गडी पलीकडे निसटला की बसलेल्या मैत्रिणीला मागून 'खो' द्यायचा, तिने उठून पळायचे आणि आपण तिच्या जागी बसायचे. समोरच्या संघाच्या मुली तिघी-तिघींनी बचावाला उतरतात. साहित्य म्हणाल तर दोन खांब, चुना आणि मोकळी जमीन. म्हणून तर हा खेळ गरीब वस्तीत टिकला. पण एकाच वेळी, एकाच ठिकाणी, नऊ मुली मोकळ्या असाव्या लागतात. आमच्याकडे सगळे तिथेच अडते.

मी एका महिन्याची हजेरी बाईंबरोबर बसून पाहिली. गैरहजेरीची कारणे बाई वहीत लिहून ठेवतात, ही त्यांची जुनी सवय. नळाला पाणी येणार होते. आई दुसऱ्या पाळीला गेली, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. पाहुणे बघायला येणार. पाळी आली आणि मैदानावर संडास नाही. मैदानाच्या वाटेवरचा दिवा बंद. भावाने सायकल नेली. एका मुलीच्या नावापुढे आठ दिवस नुसते 'घरी' लिहिले होते. त्याच मैदानावर मुलांचा संघही सराव करतो. त्यांच्यातही खाडे असतात, पण ते कंपनीच्या पाळीमुळे, नाहीतर परीक्षेमुळे. पाणी भरायला म्हणून एकही मुलगा गैरहजर राहिलेला नाही. हे वाचून कुणाला आश्चर्य वाटणार नाही, मलाही वाटले नाही. फक्त इतक्या स्वच्छ अक्षरांत ते कधी पाहिले नव्हते.

हा खेळ बायकांकडे उशिरा आला, असेही नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बांधले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी कोल्हापूरला स्त्रिया राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. १९७१ साली गुजरातच्या अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या आया-मावश्या नऊवारीतून पाचवारीत येत होत्या, त्या काळात काही जणी खांबावर सूर मारत होत्या!

मराठवाड्याची गोष्ट तर अभिमानाने सांगावी अशी आहे. उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; खो-खोच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी आला होता. सुमारे दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवून खेळत होतो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचे. २०१६ मध्येच पैशांच्या ओढाताणीला कंटाळून त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, आणि त्या मैदानावर परतल्या. अशी समजूत घालायला कुणी आलेच नाही, अशा मुली किती असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. धाराशिवची अश्विनी शिंदेही संघात होती. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरवले. आम्ही तो वस्तीतल्या समाजमंदिरात एका मोबाईलभोवती गोळा होऊन पाहिला. मुली पाहत होत्या, आणि त्यांच्या मागे उभ्या राहून त्यांच्या आया. एक आई हळूच म्हणाली, "ही केजची म्हणता? आमच्याकडचीच की!" आमच्या संघात तीन मुसलमान मुली आहेत. त्यातल्या एकीच्या वहीत नसरीन शेख यांचा फोटो चिकटवलेला आहे. दिल्लीत रस्त्यावर भांडी विकणाऱ्या बापाची ही लेक २०१९ साली काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती, आणि २०२३ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. फोटो दाखवून या मुलीने अब्बांकडून पूर्ण पायांची पँट घालून खेळायची परवानगी काढली. चड्डी की पँट, यावर आमच्या संघटनेत अर्धा दिवस चर्चा झाली. मुलींनी ती दहा मिनिटांत संपवली: जिला जे घालून पळता येते ते तिने घालावे.

हे झाले वरचे टोक. खालचे टोक म्हणजे गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा. अशाच एका स्पर्धेला मी गेल्या हिवाळ्यात संघाबरोबर गेले होते. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, म्हणून जाणे तरी परवडले. महिलांचे सामने दुपारी एकला ठेवलेले. पुरुषांचे संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, पाहुण्यांच्या उपस्थितीत. महिलांचे बक्षीस पुरुषांच्या निम्मे. मी संयोजकांना विचारले तर ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "ताई, मुलींना अंधाराच्या आत घरी पोचवायची जबाबदारी आमच्यावर असते." मला उत्तर सुचेना. कारण जबाबदारी खरी होती, आणि मुली तीनशे माणसांऐवजी रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळल्या हेही खरे होते. संडासाला कुलूप होते, किल्ली ज्याच्याकडे तो पहारेकरी जेवायला गेलेला. आमच्या मुलींनी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. त्यांना हे सवयीचे आहे, आणि ही सवय लागते हीच मला सगळ्यांत संतापजनक गोष्ट वाटते.

आणखी एक अडचण मॅटची. मोठ्या स्पर्धा आता मातीवरून मॅटवर गेल्या आहेत. ज्यांनी जन्मात मॅट पाहिले नाही त्या मुली निवड चाचणीला जातात आणि पहिल्याच वळणाला घसरतात. तिथे वेगळे बूट लागतात. आमच्याकडे तसे बूट चार जोड आहेत. ज्या मुली पाठलागाला बसतात त्या घालतात, मग उतरवून दुसऱ्यांना देतात. मापाचा प्रश्न मोज्यांत कागद कोंबून सुटतो.

त्या दुपारच्या स्पर्धेत उपांत्य सामना आम्ही एका गुणाने जिंकला. शेवटच्या मिनिटाला जिने सूर मारून गडी टिपला, तीच ती साखरपुडा थांबलेली मुलगी. कोपर सोलवटले होते. अंतिम सामना हरलो, तोही चांगलाच. परतीच्या गाडीत मुली उपांत्य सामन्याचीच उजळणी करत होत्या आणि कंडक्टर हातातले तिकिटाचे यंत्र विसरून ऐकत होता.

पैशाबद्दल थोडेसेच. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. २०१६ साली महिलांसाठी तीन संघांची एक स्पर्धा घेतली गेली, पण पुढच्या वर्षी ती झालीच नाही. २०२२ साली खो-खोची व्यावसायिक लीग पुण्यात सुरू झाली ती पुरुषांच्या संघांनिशी. मुलींनी मग खेळावे कशासाठी, असे घरचे विचारतात तेव्हा बाईंकडे एकच उत्तर असते: सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण. त्यासाठी नेमून दिलेल्या पातळीवर चमकावे लागते. मंडळातल्या बहुतेक मुली तिथवर पोचणार नाहीत, हे बाईंनाही माहीत आहे. नोकरीचे गाजर दाखवल्याशिवाय मुलीला संध्याकाळचे दोन तास मिळत नसतील, तर दाखवतात बापड्या.

आता जे लिहिते आहे ते जड आहे. एका मुक्कामाच्या स्पर्धेत दुसऱ्या गावच्या संघातली एक मुलगी रात्री आमच्या मुलींच्या खोलीत झोपायला आली. त्यांच्या संघाबरोबर एकही बाई नव्हती. 'सर' पाय चोळून देतो म्हणून बोलावतात, एवढेच ती म्हणाली. सकाळी मी तिच्याशी बोलले, पण तक्रारीला ती तयार झाली नाही. पुढच्या हंगामात ती कुठे दिसली नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जिथे दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. हे सगळे मला पाठ होते. पण त्या मैदानावर एक साधा फलक नव्हता, आणि रात्री अकरा वाजता त्या मुलीला आमच्या खोलीचे दार वाजवण्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. २०२३ साली महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या तेव्हा आपण सगळ्यांनी पाठिंब्याची पत्रके काढली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या सुमारे निम्म्या राष्ट्रीय क्रीडा महासंघांत अशी समितीच नसल्याच्या बातमीची दखल घेतली. महासंघांची ही स्थिती, तर तालुक्याच्या मंडळांचे काय विचारावे! आणि आपल्या गावच्या मैदानावर मुलींना कोण शिकवते, हे तरी आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? मला नव्हते.

पाणी, रेशन, दारूचे दुकान यांसाठी आपण मोर्चे काढले. मैदान आपल्या मागण्यांच्या यादीत कधी आले नाही. खेळ म्हणजे सगळे प्रश्न सुटल्यानंतर करायची गोष्ट, असे आपण न बोलता धरून चाललो. मला यात आपली चूक दिसते. बैठकीत माझ्याशी वाद घालणारी मैत्रीण अजूनही सहमत नाही. तिने तिचे म्हणणे पुढच्या अंकासाठी लिहून द्यावे.

सध्या मंडळात सात मुली आहेत. एकीचे लग्न झाले, तिने एकोणीस पूर्ण केली होती आणि मुलगा तिने स्वतः पाहिला. ती रविवारी येऊन गुण लिहिते. एक पुण्याला कामाला गेली. हंगामाच्या आत आणखी पाच मुली मिळाल्या तर संघाची नोंदणी होईल. वाटेवरच्या दिव्यासाठी महापालिकेला दोन अर्ज दिले आहेत. महिलांचे सामने सकाळी ठेवावेत, असे पत्र संयोजकांना दिले, त्याचे उत्तर आलेले नाही. संडासाची एक किल्ली मात्र आता बाईंच्या पर्समध्ये असते.

आपापल्या भागात मुलींची अशी मंडळे असतील तर एकदा संध्याकाळी जाऊन या. किती मुली येतात, दिवा आहे का, किल्ली कुणाकडे आहे, मुक्कामाला बाई बरोबर जाते का, एवढे पाहून आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात ते एकत्र छापू. आणि तीन ते सहा नंबरचे मॅटचे जुने बूट कुणाकडे असतील तर जरूर पाठवा.