देव न मानणाऱ्यांचे अध्यात्म

हयातभर देव न मानणारे आजोबा आज अंथरुणाला खिळले आहेत. सून मायेने उशाशी पोथी वाचू लागते आणि ते तोंड फिरवतात. दोघेही दुखावतात. मग घरात ठरून जाते, ‘यांना अध्यात्माची गरजच नाही.’ वाचकहो, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका.

ईश्वरावरील श्रद्धेवाचून अध्यात्म नाही, असे आपल्या परंपरेनेही मानलेले नाही. जैन आणि सांख्य दर्शनांनी सृष्टिकर्त्या ईश्वरावाचून मुक्तीचा विचार केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली दुर्धर आजारातील उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तिच्यात शारीरिक व मानसिक त्रासाबरोबर आध्यात्मिक त्रासाचाही समावेश आहे. ‘मी कशासाठी जगलो? कोणाचा अपराधी राहिलो? माझ्यामागे काय उरेल?’ हे प्रश्न श्रद्धाळूंना आणि नास्तिकांनाही रात्री जागे ठेवतात.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी पोथी मिटून आधी विचारावे, ‘आजवर तुम्हाला बळ कशाने दिले? कोणाला काही सांगायचे राहिले आहे का?’ उत्तर आवडत्या रागात असेल, अबोला धरलेल्या भावाला करावयाच्या फोनमध्येही असेल. जमेल तितके घडवून आणावे. उदासी हटतच नसेल, तर डॉक्टरांनाही सांगावे.

आणि आजोबा, आपणही एवढे करा. पोथी नको असेल तर तसे स्पष्ट सांगा. परंतु वाचणारीला ‘जरा जवळ बस’ असेही म्हणा. तिची माया स्वीकारण्यासाठी देव मानावा लागत नाही.