धुराचें स्वातंत्र्य

धूम्रपानाविषयीं समाजाचें मत आतां पालटलें आहे, तेव्हां या विषयावर आणखी शाई खर्च करण्याचें कारण उरलें नाहीं, असा एक समज सुशिक्षितांत दृढ होत चालला आहे. आगगाडीच्या डब्यांत, कचेरींत, नाटकगृहांत सिगारेट पेटविणें आतां कायद्यानें गुन्हा आहे. पाहुण्यापुढें पानाच्या तबकाशेजारीं सिगारेटची डबी ठेवण्याची चाल मोडली. पाकिटावर रोगाचें भयंकर चित्र आलें. इतक्यावरही जो ओढतो तो समजूनउमजून ओढतो, आणि समजूनउमजून स्वतःचें नुकसान करून घेणें हा सज्ञान मनुष्याचा हक्क आहे, अशी ही विचारसरणी. ती वरवर उदार दिसते. आमच्या मतें ती उसनी आहे, आणि ती कोणाच्या दुकानांतून उसनी आणली हेंही सांगतां येतें.

१९२९ सालच्या ईस्टरच्या रविवारीं न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर कांहीं तरुणी भर मिरवणुकींत सिगारेटी ओढीत चालल्या. स्त्रियांनीं रस्त्यांत धूम्रपान करणें तेव्हां असभ्य गणलें जाई. पुरुषांशीं बरोबरीची खूण म्हणून त्यांनीं या ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ पेटविल्या, अशी ख्याति झाली. मशालींत तेल अमेरिकन टोबॅको कंपनीचें होतें, हें मात्र प्रेक्षकांस कोणी सांगितलें नाहीं. निम्में गिऱ्हाईक हातचें जातें ही त्या कंपनीचा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल याची खंत, त्यानें एडवर्ड बर्नेज हा प्रसिद्धिकुशल गृहस्थ पदरीं बाळगला, बर्नेजनें ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला, आणि त्या सल्ल्यांतून मशालींची उपमा निघाली. मताधिकारासाठीं ज्या स्त्रियांनीं तुरुंग भोगले, त्यांचा शब्द असा दुकानदारानें उचलला! याच बर्नेजनें पुढें स्वतःच्या पत्नीची सिगारेट सुटावी म्हणून घरांत सांपडतील त्या सिगारेटी मोडून फेकून द्याव्या, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. तिच्या हक्काची आठवण त्याला तेव्हां झालेली दिसत नाहीं.

आतां ‘समजूनउमजून’ या शब्दाकडे वळूं. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आंकड्यांनीं दाखविला. ४ जानेवारी १९५४ रोजीं अमेरिकेंतील चारशेंहून अधिक वृत्तपत्रांत तंबाखू कंपन्यांचें निवेदन झळकलें. लोकांचें आरोग्य ही आपण इतर सर्व गोष्टींहून वरचढ जबाबदारी मानतों, असें त्यांत अभिवचन होतें. १९६९ सालच्या एका कंपनीच्या आंतल्या टिपणांत मात्र आपण विकतों तो माल म्हणजे शंका, असें निर्लज्ज स्पष्टपणें लिहिलेलें आढळलें. कंपन्यांनीं जनतेस कैक दशकें फसविलें, हा वॉशिंग्टनच्या न्यायालयाचा निकाल २००६ सालचा आहे. ज्याला समज येऊं नये म्हणून इतका द्रव्यव्यय झाला, त्यालाच पुढें ‘तूं समजून ओढलीस’ म्हणून बजावणें ही कोठली नीति? आणि सज्ञानपणाचें म्हणाल, तर तंबाखूची पहिली चव बहुतेकांनीं शाळा संपण्यापूर्वींच घेतलेली असते, असा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९९४ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे.

आमच्याकडे काय झालें? १९७५ च्या कायद्यानें पाकिटावर इशारा आला, पण १९९६ ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा विल्स या सिगारेटच्याच नांवानें खेळली गेली, आणि २००१ पर्यंत तेंच नांव आमच्या खेळाडूंच्या छातीवर होतें. २००३ च्या कायद्यानें जाहिरातीस आळा घातला, २००८ च्या गांधीजयंतीपासून सार्वजनिक जागेंतील बंदी कडक झाली, २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी भागाचा शेंकडा ८५ हिस्सा इशाऱ्यानें व्यापला. हें सर्व इष्टच. परंतु पानपट्टीवर उभा राहणारा पोरगा पाकीट घेतच नाहीं, तो एक सिगारेट घेतो! चित्र दुकानदाराकडे राहतें, धूर तेवढा गिऱ्हाइकाकडे येतो. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं सुट्या विक्रीस बंदी केली. ती कितपत पाळली जाते हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें कोणत्याही महाविद्यालयाच्या कोपऱ्यावर पांच मिनिटें उभें राहावें. पूर्वीं टपरीच्या खांबाला पेटता सुंभ लोंबत असे, आतां दोरीला लायटर लोंबतो. सुंभ गेला, पीळ कायम आहे.

सिन्नर-सोलापूरकडे विड्या वळणाऱ्या बायांचा पोटाचा प्रश्न निराळा व गंभीर आहे. पण त्यांच्या पदराआड सिगारेटच्या कारखानदारांनीं उभें राहूं नये.

राहतां राहिला सरकारचा कडकपणा. ज्यांना त्याचा फार भरंवसा वाटतो त्यांनीं आयुर्विमा महामंडळाकडे पाहावें. हें सरकारी मालकीचें महामंडळ विम्याच्या कांहीं योजनांत धूम्रपान करणाराकडून जास्त हप्ता घेतें, कारण तो लौकर मरेल हें त्याच्या गणितज्ञांस पक्कें ठाऊक असतें. आणि देशांतील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या भागधारकांत हेंच महामंडळ अग्रभागीं बसून दरसाल लाभांश उचलतें.