सतरावं सरण्याआधी

धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे, जोडीला बौद्धिक अक्षमता. त्याला आंघोळीला उचलताना आता ह्यांना आणि मला दोघांनाही जोर लावावा लागतो. तो अठराचा झाला आणि बँकेत त्याच्यासाठी माझी सही चालेना. मूल सज्ञान झालं की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ही माहिती दिव्यांगत्वाच्या दाखल्यासोबतच हाती पडायला हवी.

आमच्यानंतर त्याचं कोण बघणार, यावर नातेवाईक म्हणतात, ‘‘त्याची ताई आहे ना पुढे बघायला!’’ ताईला कुणी विचारलंय? तिचं आयुष्य आम्ही परस्पर ठरवणार नाही. ज्यांच्या घरी असं सतरा वर्षांचं लेकरू आहे, त्यांनी पालकत्वाच्या अर्जाची कागदपत्रं आजच जमवायला घ्यावीत.