डोहाळजेवणाच्या आधीचं जेवण

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं, फुलांची वाडी भरायची, पोटुशीला जे हवं ते खायला घालायचं. ठाणे-डोंबिवलीच्या हॉलमध्ये हल्ली त्यात फोटोग्राफर आणि केकची भर पडली आहे. सरकारी ताटाचा मुहूर्तही फारसा वेगळा नाही. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणवाडीत जे चौरस जेवण मिळतं, ती अमृत आहार योजना २०१५ साली सुरू झाली ती गरोदरपणाची शेवटची तिमाही धरून. भात किंवा भाकरी, डाळ, भाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. ताटाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो वेळेचा.

हा प्रश्न मुंबईतल्याच एका अभ्यासाने उभा केला. सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेचे डॉ. रमेश पोतदार आणि ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी २००६ पासून उपनगरांतल्या झोपडवस्त्यांमध्ये हे काम केलं. अजून दिवस न गेलेल्या ६,५१३ बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन्ही गटांना रोज ताजा खाऊ मिळे आणि तो केंद्रावरच, नोंद ठेवणाऱ्या ताईंसमोर खायचा असे. (घरी नेला तर आधी मुलांच्या आणि मग नवऱ्याच्या हातात जाणार, हे संशोधकांना कुणी शिकवावं लागलं नसावं.) एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दुधाची पावडर, दुसऱ्याच्या खाऊत कांदा-बटाट्यासारख्या, जीवनसत्त्वं बेताचीच असलेल्या भाज्या. थोडक्यात, दुसरा खाऊ आपल्या स्टेशनबाहेरच्या बटाटावड्याच्या वळणाचा.

त्यांतल्या २,२९१ जणी गरोदर राहिल्या, पण तोलूनमापून झाली ती १,३६० बाळंच. बाळंतपणाला गावी जायची आपली रीत अशा मोजमापाच्या आड येतेच. २०१४ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा सगळ्या बाळांच्या सरासरी वजनात भरवसा ठेवावा असा फरक नव्हता. ज्या आयांनी दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पालेभाजी-दूध-फळांचा खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. ४८ ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे. त्यातही अगदी हडकुळ्या आयांच्या बाळांना फायदा दिसला नाही, हे या अभ्यासातलं बोचरं पान. पण पुढे २०१६ साली मधुमेहाचे आकडे आले आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. गरोदरपणातला मधुमेह कांदा-बटाटा गटात १२.४ टक्के होता, पालेभाजी-दूध-फळांच्या गटात ७.३ टक्के.

या खाऊची कल्पना आली होती घाटावरून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासत आले आहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं अंगाने लहान, पण चरबी टिकवून धरणारी निघाली. आईने पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा घेतलं याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला. एकूण उष्मांकाशी तसा दिसला नाही. दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं.

आता कल्याण-डोंबिवलीकडे. शाळेत सहावी ते बारावीच्या मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पुढे ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’च्या कागदात २० ते ४९ वयाच्या बायकाही आहेत, पण डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या मुलीला ती गोळी कुठल्या फलाटावर मिळते ते विचारून पाहावं. बारावी ते पहिलं बाळंतपण या वर्षांत आरोग्य खातं आणि ती यांची गाठच पडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. बायकांच्या डब्यात मेथी निवडत घरी जाणाऱ्या आणि ती घरच्यांना वाढून उरलेल्यावर भागवणाऱ्या कितीतरी जणी त्यातच येत असतील.

नेमक्या याच वयातल्या मुली कल्याणच्या बिर्ला, डोंबिवलीच्या पेंढरकर, ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयांत रोज येऊन बसतात. सप्टेंबरमध्ये पोषण महिना येतो आणि जिकडेतिकडे पोस्टर स्पर्धा, घोषवाक्यं, पाककृती प्रदर्शनं होतात. परीक्षकांसाठी नाचणीचा केक हमखास असतो. याने कुणाचं रक्त वाढल्याचं ऐकिवात नाही.

विद्यापीठांनी याहून गंभीर काम केलं आहे. एसएनडीटी आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी राज्यातल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी दिली. निम्म्यांची बाजरी साधी, निम्म्यांची जास्त लोह असलेल्या वाणाची. चारच महिन्यांत दुसऱ्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. तिथे भाषण नव्हतं, रोजच्या जेवणातलं पीठ तेवढं बदललं होतं.

मुंबईच्या खाऊत वाळवलेला पालाही वापरत, म्हणजे निवडण्या-धुण्याची कटकट एकाच स्वयंपाकघराने उरकली. पोळीभाजी केंद्रांच्या डोंबिवलीला हे गणित नवं नाही. पावसाळ्यात मुरबाडकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन कल्याणला येतात, तेव्हा पाल्याचीही ददात नसते. महाविद्यालयाच्या कँटीनच्या कंत्राटात दूध-पालेभाजीच्या वड्याची अट घालता येईल, आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणीचं काम देता येईल. तो वडा वडापावच्या शेजारी किती रुपयांना ठेवायचा, हे मात्र आधी ठरवावं लागेल. मुंबईतल्या बायकांना खाऊ फुकट मिळत होता.